भडकल गेट ते विष्णुपुरी

मराठवाड्यातल्या जुन्या तीन विद्यापीठांना तीन माणसांची नावं आहेत. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, परभणीला वसंतराव नाईक, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ. आमच्या आजोळी या तिन्ही नावांच्या पदव्या आहेत, आणि एक चौथी आहे, कुणाचंच नाव नसलेली. ती थोरल्या मामांची, १९९० सालची. वर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ छापलेलं. धाकटे मामा १९९५ ला बी.ए. झाले, तोवर बाबासाहेबांचं नाव आलं होतं. थोरल्या मामांचा पोरगा लातूरला शिकला, म्हणून त्याच्या कागदावर स्वामीजी. पोरीनं परभणीला कृषीला प्रवेश घेतला तेव्हा ते ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ होतं, ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत वसंतराव नाईक आले.

थोरले मामा गेल्या वर्षी हायस्कूलातून रिटायर झाले. दिवाळीत फराळाला बसलेलो असताना म्हणाले, “या तिन्ही गेटांवर एकदा जाऊन येऊ. आणि संभाजीनगरला १४ जानेवारीलाच जायचं.”

“मामा, त्या दिवशी लई गर्दी असते.”

“म्हणूनच.”

भोगी

मी अंबाजोगाईला एसटीत बसलो, मामा केजला चढले. कंडक्टरला त्यांनी पूर्ण तिकिटाचे पैसे दिले आणि अर्ध्या तिकिटाला अजून सहा वर्षं आहेत हे मला ऐकवलं. मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत ते याच विषयावर होते. पुढं बीड, गेवराई, शहागडला गोदावरी. वाटेत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, त्यांच्यामागं एसटी रांगत होती. पाचोडच्या पुढं हुरड्याचे फलक लागायला सुरुवात झाली. उतरून हुरडा खायचा मोह दोघांनाही झाला, पण कंडक्टरचं तोंड बघून गप्प बसलो.

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धाकट्या मामांचं घर सिडकोत, पण थोरल्या मामांनी पिशवी खांद्याला लावली आणि मिल कॉर्नरकडं चालायला लागले. भडकल गेट आधी, घर नंतर.

या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. बावन्न आता कुणी मोजून दाखवणार नाही, पण दिल्ली दरवाजा, पैठण गेट, मकाई गेट, रोशन गेट, रंगीन दरवाजा, बारापुल्ला ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोजची आहेत. बहुतेक दरवाजे औरंगजेबाच्या तटबंदीबरोबरचे, म्हणजे १६८२ च्या आसपासचे. भडकल त्याच्या सत्तर वर्षं आधीचा. मलिक अंबरनं मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून तो १६१२ मध्ये बांधला. गावाचं नाव तेव्हा खडकी. तेही दोनच वर्षांपूर्वी अंबरनंच वसवलेलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनला पोचलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि दिल्लीच्या फौजांना त्यानं आयुष्यभर पुरतं जेरीस आणलं. शिवाय या कोरड्या गावाला जमिनीखालून नहर काढून पाणी दिलं, त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. १६२६ ला तो वारला. कबर खुलताबादला आहे.

गेट पाहताना मान वर करावी लागते. जाड खांब, वर कमानींचं छत, काळवंडलेला दगड. वाहनांचा रस्ता बाजूनं वळवलेला आहे, त्यामुळं आतल्या सावलीत कबुतरं आणि दोन-तीन निवांत बसलेली माणसं, एवढंच. समोर बाबासाहेबांचा पुतळा. उद्याची तयारी चालली होती. निळ्या पताका बांधायला शिडीवर चढलेल्या पोराला मी विचारलं, हे गेट कुणी बांधलं माहीत आहे का? तो वरूनच म्हणाला, “राजाबादशाचं हाय कुणाच्या तरी. आमचा इथं कार्यक्रम ऱ्हातो ना, चौदा एप्रिलला.” मामांनी त्याला मलिक अंबर सांगायला सुरुवात केली. हायस्कूलात इतिहास शिकवलेल्या माणसाला रिटायर होऊनही घंटा वाजायची शुद्ध नसते. पोरगं शिडीवरून उतरलं, ऐकत उभं राहिलं, आणि शेवटी म्हणालं, “म्हंजी गुलाम होता आन् राजा झाला?” राजा नव्हे, वजीर, असं मामांनी दुरुस्त केलं. पण त्याला पटलेलं दिसलं नाही. त्याच्या हिशेबात ज्यानं गेट बांधलं तो राजाच.

रात्री धाकट्या मामांकडं भोगीचं जेवण. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं-गाजर-पावटा-हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा, खिचडी. मामींनी आग्रह करकरून वाढलं. जेवण झाल्यावर गच्चीत बसलो तेव्हा थोरले मामा आपण होऊन बोलायला लागले.

१९७८ ला ते अकरा-बारा वर्षांचे होते. १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाडाभर जे झालं, त्यात दलितांची घरं जळाली, माणसं मेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. “आपल्या गावात काही जळलं नाही,” मामा म्हणाले. “पण वस्तीवरची माणसं आठ दिवस बाजाराला आली नाहीत. आपल्या सालगड्याचा पोरगा माझ्या वर्गात होता, त्याची जागा रिकामी. मास्तरांनी हजेरी घेताना त्याचं नाव वाचलंच नाही. ते मला नीट आठवतं.”

पुढं एम.ए. ला ते इथं विद्यापीठाच्या होस्टेलात राहिले. “मेसमध्ये टेबलं कुणी वाटून दिली नव्हती, तरी वाटली गेली होती. नामांतरवाले इकडं, बाकीचे तिकडं.”

“आणि तुम्ही?”

“मी कुठल्याच बाजूला नव्हतो.” थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे तिकडच्याच टेबलावर बसायचो.”

धाकटे मामा काही बोलले नाहीत. त्यांनी सुपारी कातरली आणि सगळ्यांना दिली.

संक्रांत

सकाळी लवकर निघालो तरी मिलिंद चौकाच्या अलीकडंच गाड्या थांबवलेल्या होत्या. पुढं सगळे पायी. मला वाटलं होतं मिरवणुकीसारखं काहीतरी असेल, तर तसं नव्हतं. माणसं घरच्या घोळक्यात चालत होती. आजी, सून, दोन लेकरं, डब्याची पिशवी. पांढऱ्या साड्या, निळी उपरणी, समता सैनिक दलाची पोरं गणवेशात कवायत करत पुढं चाललेली. जालना, बीड, बुलढाणा, परभणी, कुठून कुठून आलेल्या जीप लांब मैदानात लावलेल्या.

गेटाकडं जाणारा हा रस्ता नागसेनवनातून जातो, आणि माझ्या मते या गेटाची खरी सुरुवात इथूनच होते. विद्यापीठ १९५८ चं. त्याच्या आधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती, आणि कॉलेजं होती तरी किती! निजामी राजवट संपून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १९५० ला, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं. मुंबईत सिद्धार्थ होतं, मग पुण्याला किंवा नागपूरला न जाता ते या मागं पडलेल्या मुलखात आले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून बसली. बाबासाहेब स्वतः इथं येऊन राहायचे, बांधकामावर नजर ठेवायचे. पुढं कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन म्हणजे उत्तर देणारा भिक्खू. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं इथल्या वसतिगृहांत राहून शिकली आणि त्यातली बरीच पुढं लिहिती झाली. दलित साहित्याचं बरंचसं मूळ या झाडांखालीच सापडतं. तेव्हा ‘विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव कशाला’ असं जे विचारत होते, त्यांनी मिलिंदच्या फाटकापासून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत एकदा चालून पाहायला हवं होतं. फार लांब नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुस्तकांचे स्टॉल. माझ्या पाहण्यात इतकी पुस्तकं एखाद्या साहित्य संमेलनातच असतात, आणि इथं घेणारे जास्त होते. संविधानाच्या प्रती, बुद्धवंदनेच्या पुस्तिका, स्पर्धा परीक्षेची गाइडं, कॅलेंडरं. एका बाजूला भीमगीतांचा कर्णा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भीमगीतांचा कर्णा. मधे कुठंतरी खिचडीवाटप, पाण्याच्या टाक्या. वेगवेगळ्या पक्षांचे वेगवेगळे मंच. एकाच माणसाला अभिवादन करायला इतके मंच का लागतात, हे मला काही उमगलं नाही. लोक मात्र मंचांकडं फारसं बघत नव्हते. सगळे गेटाकडं चाललेले.

आणि गेटाच्या प्रतिकृती! लाकडी फळीतून मशीननं कापलेल्या, थर्माकोलच्या, पितळी रंग दिलेल्या, आत बारीक दिवे लावलेल्या. विकणारा पैठणकडचा होता. त्याच्याकडं बुद्धमूर्ती होत्या, बाबासाहेबांचे अर्धपुतळे होते, पण सगळ्यात जास्त खप गेटाचा. “टीव्हीच्या बाजूला ठेवतेत. नवं घर झालं की पहिलं गेट नेतेत,” तो म्हणाला. आमच्या गावातल्या वस्तीवरही मी ही चित्रं पाहिली आहेत, दारावर रंगवलेली, दुचाकीच्या मागच्या पाटीवर, एका पोराच्या दंडावर गोंदलेलीसुद्धा. विद्यापीठांना सुंदर वेशी पुष्कळ असतील. पण दिवाणखान्यात पूजल्यासारखी ठेवली जाणारी, आणि तीही कधी कॉलेजात न गेलेल्यांच्या घरात, अशी दुसरी माझ्या माहितीत नाही.

ठराव १९७८ चा आणि नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला. मधे सोळा वर्षं. ११ नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च काढला, हजारो माणसं औरंगाबादच्या दिशेनं चालत निघाली, त्यांना वाटेत अडवलं, अटका केल्या. मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या, तुरुंग. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत निर्णय झाला. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. ‘मराठवाडा’ काढायचं नाही, त्याच्याआधी बाबासाहेबांचं नाव लावायचं, असा तोडगा. सरकारदरबारी म्हणून तो नामविस्तार, पण रस्त्यावर चाललेल्या त्या आजींना, सुनांना विचारलं तर सगळ्या ‘नामांतर दिन’च म्हणतात.

गेटापाशी पोचलो तेव्हा रांग अशी नव्हतीच, नुसता लोंढा. तरी ढकलाढकली नाही. माणसं चपला काढत होती. शहीद स्मारकापाशी मेणबत्त्या आणि फुलं. काहीजण गेटाच्या खांबाला कपाळ टेकवत होते, काही नुसते हात जोडून पुढं सरकत होते. मोबाइलवर फोटो काढणारी पोरं तर सगळीकडंच.

आमच्या पुढं एक म्हातारी होती. सत्तरीची असेल, हातात नातीचं मनगट घट्ट धरलेलं. पोरगी आठ-नऊ वर्षांची, नव्या फ्रॉकवर जुनं स्वेटर. म्हातारीनं मामांना विचारलं, “हेच का ओ गेट?” घरात वीस वर्षं फोटो आहे म्हणाली, पण इथं पहिल्यांदाच आली. पोरगा आणि सून ऊसतोडीला. टोळी गंगापूरकडच्या कारखान्यावर आहे, तिथल्या कोपीवरून मुकादमाला सांगून एका दिवसासाठी ही नातीला घेऊन आलेली. मामांनी हो म्हटल्यावर तिनं पायातली स्लीपर काढली, पदर डोक्यावर घेतला, खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. मग नातीला म्हणाली, “जा, आत जा. त्या झाडापोतुर जाऊन ये.” पोरगी गोंधळली. आत काय आहे तिला कळेना. “आगं जा की, कोन मारतंय तुला.” पोरगी धावत गेली, झाडाला हात लावला, धावत परत आली. “पुन्ना जा.” पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिला गंमत वाटायला लागली होती, ती हसत हसत गेली. म्हातारी मामांकडं वळून म्हणाली, “वाट म्हाईत पायजे. मोठी झाल्यावर बुजायची न्हाई.”

मामांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढली आणि पोरीच्या हातावर ठेवली. स्वतःच्या चपला त्यांनी मघाशीच काढून हातात धरल्या होत्या, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

दुपारी आत हिंडलो. सातशेहून जास्त एकरांचा हा परिसर डोंगराच्या पायथ्याला आहे. मागं बौद्ध लेणी, एका कडेला सतराव्या शतकातला बुंदेल्या सरदाराचा सोनेरी महाल. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पहिले कुलगुरू झाले एस. आर. डोंगरकेरी. मामांनी त्यांचं होस्टेल दाखवलं, खोली नाही सापडली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यास करत होती. बाहेर एवढा गजर चाललाय, आणि यांचं डोकं चालू घडामोडींत. त्यांच्यातला एक जण विद्यापीठाला ‘बामू’ म्हणाला तर मामा जरासे चिडले. “एवढी माणसं मेली ती काय बामूसाठी?” पोरगं ओशाळलं. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. अर्ज भरताना रोज पूर्ण नाव लिहिणारं ते लेकरू, बोलताना कमी करणारच.

अंधार पडल्यावर परत गेटाशी आलो. रोषणाई झाली होती आणि सकाळपेक्षा दुप्पट माणसं. मामांनी सकाळच्या त्या पैठणकराकडून एक लाकडी गेट घेतलं. घासाघीस केली नाही, हे नमूद करतो, कारण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी पंधरा मिनिटं घालवणारे आमचे मामा मला ठाऊक आहेत.

कर

करीच्या दिवशी प्रवास करू नये म्हणतात. धाकट्या मामींनी दोनदा आठवण करून दिली. त्याचा फायदा असा की तपोवन एक्सप्रेसला बसायला जागा मिळाली. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड. खिडकीतून ज्वारी, हरभरा, मधेच पांढरा कापूस. मामांनी लाकडी गेट वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. समोरच्या बाकावरच्या माणसानं कोपरा बघून ओळखलं. “गेट का? आम्ही दरसाल जातो, या खेपेला सुट्टी नव्हती.” एवढ्यावर ओळख झाली आणि सेलूपर्यंत गप्पा.

परभणीला मामेबहीण स्टेशनवर आली होती. आम्ही कृषी विद्यापीठाचं गेट बघायला आलोय यावर तिचा विश्वास बसेना. “गेटात काय बघायचंय? आत चला, शेत दाखवते.” वसमत रस्त्यानं गेलो. रिक्षावाल्याला वसंतराव नाईक सांगून चालत नाही, काळी कमान सांगावं लागतं. सगळी परभणी काळी कमानच म्हणते.

आता वसंतराव नाईक म्हणजे काही अनोळखी माणूस नव्हे. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री, एवढा सलग काळ त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. गहुलीच्या बंजारा शेतकऱ्याच्या घरातले. अन्नधान्याच्या टंचाईत संकरित ज्वारी गावोगाव नेली, चार कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळातली. परभणीचं १८ मे १९७२ ला सुरू झालं, ऐन दुष्काळात. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्यांचं नाव दिलं. कुणी विरोध केला नाही, कुणी रस्त्यावर आलं नाही, कुणाला काही करावं लागलं नाही. बहिणीला विचारलं, नाव बदललं त्या दिवशी तुम्ही काय केलंत? तिला आठवेना. परीक्षा चालू होती बहुतेक, म्हणाली.

पण शेतात गेल्यावर ती बोलायला लागली. परभणी क्रांती भेंडी इथली, केवडा रोगाला दाद न देणारी. परभणी मोती ज्वारी इथली. कपाशीचं नांदेड ४४ याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातलं. बीटी येण्याआधी आमच्या शेतात तेच असायचं, आजोबांना त्याचं नाव घ्यायला ‘चव्वेचाळीस’ एवढं पुरायचं. मामांनी ज्वारीचं कणीस हातात घेऊन दाणे चुरून पाहिले, दोन तोंडात टाकले. कमानीखाली ते जेमतेम अर्धा मिनिट थांबले असतील, इथं तासभर उभे राहिले. शेतकरी माणूस नाईकांना नमस्कार करायचा तर इथंच करणार, हे मलाही पटलं.

दुसरा दिवस, नांदेड

वसमतमार्गे एसटीनं नांदेड. वसमतच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा हळदीचा वास खिडकीतून आत आला. बाकी प्रवासात विशेष काही नाही, मामा झोपले होते.

आधी सचखंडला माथा टेकला, लंगर घेतलं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग इथं निवर्तले, आणि आजचं मंदिर महाराजा रणजितसिंगांनी बांधवलेलं. गर्दी, स्वच्छता आणि डाळ, तिन्ही नेहमीसारखी चोख. मग विष्णुपुरीची रिक्षा.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी. म्हणजे औरंगाबादचं नाव ज्या वर्षी बदललं त्याच वर्षी त्याचे दोन भाग झाले. आमच्या अंबाजोगाईला स्वामीजी परके नाहीत. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढं हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष, निजामाचे तुरुंग, मुक्तिसंग्रामाचे सेनापती. आमच्याकडच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे, मी तिथलाच जन्म. आम्ही त्याला ‘स्वाराती’ म्हणतो आणि नांदेडकर विद्यापीठाला ‘स्वारातीम’. भगव्या कफनीतला तो उंच माणूस या अक्षरांत कुठं दिसत नाही, पण नाव रोजच्या वापरात आहे एवढं खरं.

शुक्रवार असल्यानं पोरांची वर्दळ होती. प्रवेशद्वाराशी सुरक्षारक्षकानं विचारलं, “कुठल्या विभागात जायचंय?” मामा म्हणाले, “कुठंच नाही, गेट बघायला आलोय.” त्यानं एकदा आमच्याकडं, एकदा मामांच्या काखेतल्या गुंडाळीकडं पाहिलं. मामांनी कागद उलगडला. रक्षक पुढं आला, लाकडी गेट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. तो भोकर तालुक्यातला. त्याचे वडील लाँगमार्चच्या वेळी तुरुंगात होते, त्यानं सांगितलं. मग आम्हाला आत बसवून चहा मागवला. गौतम वाघमारेंचा विषय निघाला. मामा तेव्हा केजला शाळेवर होते, बातमी स्टाफरूममध्ये वाचल्याचं त्यांना आठवत होतं. “कुणीच काही बोललं नव्हतं,” ते म्हणाले. रक्षकानं मान डोलावली. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

चहा झाल्यावर मामांनी ते गेट त्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे ठेवा.” तो नको नको म्हणत राहिला. शेवटी त्यानं बदल्यात आमच्या दोघांचा प्रवेशद्वारासमोर फोटो काढून दिला. फोटोत अर्धं विद्यापीठाचं नाव कापलं गेलंय.

पुढच्या वर्षी कुणाला १४ जानेवारीला जायचं असेल तर काही गोष्टी. गाडी गेटाजवळ नेता येत नाही, मिलिंद चौकाकडून चालावंच लागतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन सकाळी आठच्या आत पोचा. लेकरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. पुस्तकं घ्यायची असतील तर सकाळीच घ्या, दुपारनंतर स्टॉलपर्यंत हात पोचत नाही. आणि रोषणाई बघायची असेल तर मुक्काम आधीच ठरवून ठेवा, त्या रात्री शहरात सहज खोली मिळत नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी मामी पण येणार आहेत, आणि गेट नवं घ्यायचंय.